खान्देशातल्या मुलांचं नाटक परदेशी महोत्सवात न्यायचंय? तयारी अशी करा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे मुलांची नाटकं बसवणारी माणसं पुष्कळ आहेत. कुणी शाळेत शिक्षक, कुणी बँकेतून निवृत्त झालेलं, कुणी हौशी रंगभूमीवर वर्षानुवर्षं राबलेलं. स्नेहसंमेलन, सांस्कृतिक कार्य संचालनालयाची बालनाट्य स्पर्धा आणि मे महिन्यातलं शिबिर यांतच त्यांचं वर्ष सरतं. अलीकडे यांच्यापैकी कुणी ना कुणी फोन करून विचारतं, ‘परदेशातल्या फेस्टिव्हलला मुलं न्यायची आहेत, फॉर्म कुठे मिळतो?’

फॉर्म ऑनलाइन मिळतो आणि एका बैठकीत भरून होतो. त्याआधीचं वर्ष-दीड वर्ष कसं घालवायचं, हे कुणी विचारत नाही. अशा महोत्सवांत बसवलेलं नाटक करून दाखवलं की काम संपत नाही. अनोळखी मुलांबरोबर बसून चार दिवसांत नवं काही उभं करावं लागतं, आणि आपली मुलं नेमकी तिथेच अडखळतात. म्हणून इथे आधी मुलांची तयारी, मग नाटकाची, आणि कागदपत्रं त्यानंतर. पासपोर्ट तेवढा अपवाद. तो आजच काढायला टाका.

आधी हा प्रकार काय आहे ते समजून घ्या

आपल्याकडचं मूल स्पर्धेत वाढतं. परीक्षक कुठल्या रांगेत बसलेत, हे त्याला पडदा उघडायच्या आधी माहीत असतं. वाक्य घ्यायचं ते प्रेक्षकांकडे तोंड करून, ठणठणीत आवाजात. अभिनयाचं बक्षीस एकेकट्याला मिळतं, त्यामुळे समोरचा बोलत असताना हे मूल थांबतं खरं, पण ऐकत नाही. आपली पाळी कधी येते याची वाट बघतं.

परदेशातल्या बहुतेक बाल-युवा महोत्सवांत क्रमांक काढत नाहीत. ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात. पहिल्यात प्रत्येक देशाचा गट आपलं नाटक करतो, इतरांची बघतो आणि दुसऱ्या दिवशी सगळे मिळून त्यावर बोलतात. दुसऱ्यात सकाळी कार्यशाळा असतात, त्यात देशांची सरमिसळ करून गट पाडतात आणि शेवटच्या दिवशी हे मिश्र गट आपापलं काम दाखवतात. तिसरा सगळ्यात अवघड आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा: दोन किंवा तीन देशांचे गट आधी काही महिने ऑनलाइन भेटतात, एकच विषय घेऊन आपापल्या गावात काम करतात आणि मग एकत्र येऊन एक नाटक पुरं करतात.

संस्थांच्या नावांत नवखे लोक हमखास गोंधळतात. असितेज ही बाल आणि युवा रंगभूमीची आंतरराष्ट्रीय संघटना १९६५ मध्ये पॅरिसला स्थापन झाली. भारतातही तिचं केंद्र आहे, आणि २० मार्चचा जागतिक बालरंगभूमी दिन तिचाच. (२७ मार्चचा जागतिक रंगभूमी दिन वेगळा, तो इंटरनॅशनल थिएटर इन्स्टिट्यूटने (आयटीआय) १९६२ पासून सुरू केला.) पण असितेजच्या वर्तुळात मुख्यतः मोठ्या, व्यावसायिक नटांनी मुलांसाठी केलेली नाटकं असतात. मुलांनी स्वतः केलेल्या नाटकांसाठी हौशी रंगभूमीची आंतरराष्ट्रीय संघटना बघा. तिला आयटा-इयाटा म्हणतात, आणि ती १९५२ पासून काम करते. जर्मनीतल्या लिंगेन या छोट्या शहरात १९९० मध्ये सुरू झालेला जागतिक बालनाट्य महोत्सव याच परंपरेतला. तिथे रंगमंचावर मुलंच असतात. देशातल्या देशात बघायचं तर राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या संस्कार रंग टोळी या मुलांसाठी काम करणाऱ्या विभागाचा दिल्लीतला जश्न-ए-बचपन हा महोत्सव आहे. ही टोळी १९८९ ची. तिथे एकदा नुसते प्रेक्षक म्हणून जाऊन या. भुसावळहून दिल्लीच्या गाड्यांना तोटा नाही.

मराठीला ही देवाणघेवाण नवी नाही, हेही पालकांना सांगता येतं. बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची नाटकं १९८६ मध्ये डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने पुण्यात मराठीत आली, मॅक्सम्युलर भवन या जर्मन सांस्कृतिक केंद्राची त्याला साथ होती. परी-राक्षस बाजूला ठेवून घरातली भांडणं, आई-बापाची नोकरी, शेजारची माणसं असे विषय मुलांच्या नजरेतून मांडणारी ही नाटकं. त्यांत मुलांची कामंही मोठी माणसंच करतात. जर्मन संहिता इथल्या वाड्यात, चाळीत, सोसायटीत आणून बसवल्या म्हणून त्या टिकल्या.

गट निवडताना

वय १२ ते १७ धरा. लहान मुलं जास्त गोड दिसतात, पण परक्या घरात रात्री रडू आलं की सगळा गट जागा राहतो. दहावी-बारावीचं वर्ष असलेल्यांना त्या वर्षी घेऊ नका. पालक आज हो म्हणतात आणि जानेवारीत मूल काढून घेतात. युरोपातले पुष्कळ महोत्सव मे ते जुलैत असतात आणि आपल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, म्हणजे पहिले काही दिवस बुडणार. मुख्याध्यापकांशी हे आधीच बोलून लेखी घ्या.

उत्तम नट निवडायचा मोह आवरा. ज्याच्या डब्यातलं चौघं खातात, पडलेली खुर्ची जो न सांगता उचलतो, वाक्य विसरलेल्या जोडीदाराला जो सांभाळून घेतो, तो आधी घ्या. नंबर आणणारी पोरगी गटात एखादी असली तरी चालते, तीन असल्या की महोत्सवभर त्यांची आपापसातच स्पर्धा चालते.

सहा मुलांमागे एक मोठं माणूस, मोठ्यांत किमान एक बाई, आणि दिग्दर्शक सोडून एकजण असा की ज्याचं नाटकाशी देणंघेणं नाही. औषधं, पासपोर्ट, हरवलेला मोजा हे त्याचं खातं. दिग्दर्शकाने पासपोर्टची पिशवी सांभाळायला घेतली की तालीमही जाते आणि पिशवीही.

पालकांची सभा घ्या आणि त्या सभेला आई-वडील दोघंही हवेत. मुलगी कुठे झोपेल, कुणाच्या घरी, बरोबर कोण, फोन कधी करता येईल, हे प्रश्न येणारच. त्यांची नेमकी उत्तरं द्या. ‘काळजी करू नका’ हे उत्तर नव्हे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे. परदेशी यजमानही बालसुरक्षेचं लेखी धोरण मागतात. मोठ्या माणसाने मुलाबरोबर बंद खोलीत एकटं बसायचं नाही, मुलांचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय टाकायचे नाहीत, तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव मुलांना माहीत हवं. एका पानात मावतं. मराठीत लिहा, पालकांच्या सह्या घ्या आणि मग इंग्रजी करून यजमानांना पाठवा.

परदेशाआधी अक्कलकुवा

माझं ठाम मत आहे की पहिली देवाणघेवाण खान्देशातच करावी. इथे अहिराणी आहे, लेवा बोली आहे, तावडी आहे, सातपुड्यात भिली, पावरी, मावची आहे. जळगावच्या कॉलनीतल्या पोराला धडगावच्या पोराचं पावरी बोलणं जर्मनइतकंच अनोळखी. विमान न लागता परक्या भाषेशी गाठ पडते ती इथे.

दोन-तीन दिवसांचं एकत्र शिबिर घ्या. आश्रमशाळेतली मुलं घ्यायची असतील तर एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाची परवानगी लागते. आपल्या भागात ही कार्यालयं नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावलला आहेत. अर्ज लवकर द्या. होळीचा काळ टाळा. भोंगऱ्या बाजारापासून मुलं घरी गेलेली असतात आणि जायलाच हवीत. उलट तुमच्याच मुलांना त्या वेळी तिकडे, अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीला, रात्रभर बघायला न्या. अंगावर राखेचे ठिपके, कमरेला घुंगरं, हातात ढोल घेऊन पहाटेपर्यंत नाचणारी माणसं बघितली की ‘एनर्जी आणा रे’ असं तालमीत ओरडावं लागत नाही.

शिबिरात काय करायचं? एक खेळ सविस्तर सांगतो, कारण तो परदेशातही तसाच चालतो.

भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत आपल्याकडे भुलाबाई बसते. गाणी झाली की झाकलेला खिरापतीचा डबा कानाशी हलवून आत काय ते ओळखायचं. हाच डबा तालमीत आणा. स्टीलचे सारखे चार डबे, एकात शेंगदाणे, एकात साबुदाणा, एकात फुटाणे, एकात लाह्या. मुलं मिश्र जोड्यांत बसवा, एक पावरी बोलणारं, एक मराठी. पहिली फेरी नुसती ओळखायची. लाह्यांचा डबा जवळजवळ आवाजच करत नाही, तिथे सगळे फसतात आणि हसतात. ओळख इथेच होते. दुसऱ्या फेरीत ज्याने ओळखलं त्याने नाव सांगायचं नाही, तो पदार्थ अंगाने व्हायचं. साबुदाणा भिजतो कसा, फुटाणा भट्टीत उडतो कसा. जोडीदाराने ते बघून आपल्या भाषेत नाव घ्यायचं. तिसऱ्या फेरीत डबा रिकामा. तो हलवायचा आणि आत काय आहे ते दोघांनी मिळून ठरवायचं, न बोलता. कुणी त्यात आजीचं पत्र घालतं, कुणी बेडूक, कुणी पाऊस. एकाने पाऊस धरला आणि दुसऱ्याने बेडूक, तर आता दोघांनी काय करायचं? इथून प्रसंग सुरू होतो. तुम्ही मध्ये पडू नका. दिग्दर्शकाच्या जिभेला फार खाज सुटते, ती सहन करा.

शेवटी पाच-सहा मिनिटांचं जे होईल ते गावकऱ्यांसमोर करा. पडदा नको, माईक नको. आणि मग मुलांना गोल बसवून विचारा: दुसऱ्या गटाकडून तुला काय मिळालं? ‘छान वाटलं’ हे उत्तर चालणार नाही, एक गोष्ट नेमकी सांगायची. परदेशातल्या चर्चेत मुलांना हेच विचारतात, आणि आपली मुलं तिथे मान खाली घालून बसतात. सवय घरूनच लावा.

मधली पायरी: काठमांडू

युरोप एकदम झेपत नसेल तर नेपाळचा विचार करा. भारतीयांना व्हिसा लागत नाही. मोठ्यांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं, १५ वर्षांखालच्या मुलांना फोटो असलेलं ओळखपत्र, आणि १५ ते १८ मधल्यांना मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात दिलेलं ओळखीचं प्रमाणपत्र. काशी किंवा कुशीनगर एक्सप्रेस भुसावळहून थेट गोरखपूरला जाते, तिथून बसने सोनौली, आणि सीमा ओलांडून पुढे काठमांडू. प्रवास लांबचा आहे, पण गाडीतच अर्धी तालीम होते. काठमांडूत नाटकवाल्यांचे गट भरपूर आहेत आणि त्यांना पत्र लिहिलं तर उत्तर येतं. सुट्ट्या पैशांसाठी शंभराच्या नोटा जवळ ठेवा.

नाटक कोणतं न्यायचं

चाळीस ते पन्नास मिनिटांचं. दिवसाला चार-पाच गटांचे प्रयोग असतात, त्यामुळे मांडामांड आणि आवराआवर मिळून तासभरही मिळत नाही. नेपथ्य असं की दोन बॅगांत मावेल. विमानात साधारण २३ किलोची एक बॅग धरून चाला, तिकीट काढताना खात्री करून घ्या. बांबू, पत्रा, कॉट हे तिथे मागून घ्यावं. यजमानांना महिनाभर आधी मापं कळवली तर ते जमवतात.

भाषा बदलू नका. इंग्रजीत पाठ केलेलं नाटक मुलं पोपटासारखं म्हणतात आणि परक्यांनाही ते कळत नाही. नाटक अहिराणीत असेल तर अहिराणीतच करा. बरोबर कथानकाचं एक पानभर इंग्रजी द्या. फार तर प्रत्येक प्रवेशाला एक ओळ पडद्यावर. मात्र गोष्ट डोळ्यांना कळली पाहिजे. त्याची परीक्षा सोपी आहे: तालीम मोबाइलवर चित्रित करा, आवाज बंद करून एखाद्या शेजाऱ्याला दाखवा आणि काय कळलं ते विचारा. जिथे त्याला कळलं नाही तो प्रवेश पुन्हा बसवा.

विषय जवळचा घ्या. कापूस वेचायला जाणाऱ्या आईची सकाळ, केळीबागेवरून गेलेलं वादळ, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातलं मूल, पाण्याच्या टँकरची रांग. ‘भारतीय संस्कृती’ दाखवायची म्हणून शेवटी लावणी, मध्ये गरबा आणि सुरुवातीला गणेशवंदना असं कडबोळं करू नका. बाहेरचे लोक टाळ्या वाजवतात आणि दुसऱ्या दिवशी तुमच्याशी बोलायला त्यांच्याकडे काही नसतं.

संहिता कुणाची आहे ते बघा. लेखकाची लेखी परवानगी हवी, भाषांतर असेल तर भाषांतरकाराचीही. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो, युरोपात ७०. इथे तिकीट लावून जाहीर प्रयोग करणार असाल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र काढून ठेवा. मुलांनी स्वतः सुधारत सुधारत रचलेलं नाटक असेल तर परवानगीचा प्रश्न सुटतो, पण शेवटची संहिता लिहून ठेवावीच लागते.

आता सामानातली एक गोष्ट, जिच्यावर अनेकजण अडतात. सातपुड्यातल्या नाचाच्या टोपीला मोरपिसं असतात आणि नाटकात ती सुंदर दिसतात. मोरपिसं देशाबाहेर नेण्यास बंदी आहे. गळालेली असोत, विकत घेतलेली असोत, कस्टमवाले काढून घेतील आणि वर खटलाही होऊ शकतो. पिसं कागद-कापडाची करा; मुलांना ती बनवायला दोन रविवार लागतात आणि प्रकाशात फरक कळत नाही. कातडी डफ, ढोल नेतानाही विमान कंपनी आणि त्या देशाचे नियम आधी विचारा. खाण्याचंही तसंच. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दूधदुभतं नेता येत नाही, म्हणजे घरचं तूप आणि पेढे राहिले. बिबडे, पापड, कळण्याचं पीठ न्या. गंमत म्हणजे बहुतेक फळांना तिथे रोगमुक्तीचा दाखला लागतो आणि ज्या मोजक्या फळांना लागत नाही त्यांत केळी आहेत. रावेरवाल्यांनी खूश व्हावं.

अर्ज आणि यजमानांशी बोलणी

महोत्सवाच्या आठ-दहा महिने आधी अर्ज बंद होतात असं धरून चला. चित्रफीत एका कॅमेऱ्याची, कापाकापी न केलेली द्या. ड्रोनने घेतलेला गाव आणि त्यावर संगीत असली फीत निवड समिती पुढे सरकवते. गटाबद्दल लिहिताना मिळालेली बक्षिसं एका ओळीत आणि मुलं कुठून येतात, काय काम करतात, हे दहा ओळींत लिहा.

आमंत्रण आलं की आनंदाच्या भरात लगेच फेसबुकवर टाकू नका. आधी हे विचारा: राहणं-जेवण कुणाकडे? (बऱ्याच ठिकाणी यजमान करतात, प्रवास गटाने करायचा असतो.) विमानतळावरून न्यायला कोण? मुलं घरांत राहणार की वसतिगृहात? शाकाहारी किती, ते कसं? कार्यशाळा कोण घेणार? सहभाग शुल्क आहे का? शुल्क भरलं की हमखास निवड, ट्रॉफी आणि प्रत्येकाला ‘आंतरराष्ट्रीय कलाकार’ असं प्रमाणपत्र देणारे महोत्सव निघालेत. त्यांत नाट्यगृह रिकामं असतं आणि एका गटाचा प्रयोग दुसरा बघत नाही. मागच्या वर्षी गेलेल्या एखाद्या गटाशी बोलल्याशिवाय पैसे पाठवू नका.

ऑनलाइन तालमी ठरवताना घड्याळ बघा. जर्मनी उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं सरकतात, तो आठवडा दरवर्षी घोळ घालतो. रविवारी दुपारी दोन ही वेळ दोघांना सोयीची पडते, फक्त तुमच्या फीडरच्या भारनियमनाची वेळ तपासा.

कागद

१८ खालच्या मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा १८ पूर्ण होईपर्यंतचा निघतो, यांत जे आधी असेल ते. १५ पुढच्यांना दहा वर्षांचा पर्यायही आहे. पाच वर्षांच्या पासपोर्टचं साधं शुल्क १००० रुपये. दोन्ही पालकांच्या सह्यांचं परिशिष्ट डी लागतं. शुल्क-फॉर्म हे सोपं. अडतं ते नावांवर. जन्मदाखल्यावर ‘भाऊसाहेब’, आधारवर ‘भाऊराव’, शाळेच्या दाखल्यावर आईचं माहेरचं नाव. आडनावाचं स्पेलिंग तीन कागदांवर तीन. प्रत्येक मुलाची कागदपत्रं एका टेबलावर शेजारी-शेजारी ठेवून वाचा आणि आधार दुरुस्तीला लगेच पाठवा.

शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामायिक व्हिसा) सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, कमीत कमी १५ दिवस आधी करावाच लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला हवा. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा. पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येकाला व्हिसा केंद्रावर प्रत्यक्ष जावं लागतं. बोटांचे ठसे १२ वर्षांखालच्यांचे घेत नाहीत. म्हणजे सगळा गट मुंबईला. सगळ्यांची अपॉइंटमेंट एकाच दिवशी घ्या.

व्हिसा शुल्क १२ वर्षांपासून पुढच्यांना ९० युरो, ६ ते ११ वयाला ४५. पण नियमावलीत एक सवलत आहे जी एजंट सांगत नाहीत: ना-नफा संस्थेने भरवलेल्या सांस्कृतिक किंवा शैक्षणिक कार्यक्रमाला ना-नफा संस्थेचे प्रतिनिधी म्हणून जाणारे, वय २५ पर्यंतचे, यांना शुल्क माफ असतं. यजमानांच्या आमंत्रणपत्रात त्यांची संस्था ना-नफा असल्याचा स्पष्ट उल्लेख करून घ्या आणि तुमच्या नोंदणीची प्रत जोडा. केंद्राचं सेवाशुल्क मात्र भरावं लागतं.

जिल्हा परिषद किंवा सरकारी नोकरीतल्या शिक्षकाने खात्याची परवानगी वेळेत मागावी. परदेशी पाहुणचार स्वीकारायला सरकारी नोकरांना केंद्रीय गृहखात्याची वेगळी मंजुरीही लागते, ती ऑनलाइन मागता येते.

पैसा

गट नोंदणीकृत हवा. संस्था नोंदणी १८६० च्या कायद्याखाली आणि सार्वजनिक न्यास म्हणून १९५० च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली, धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात. देणगीदाराला करसवलत द्यायची तर आयकर खात्याच्या नोंदण्या, ज्यांना इतकी वर्षं १२ए आणि ८०जी म्हणत आलेत. कंपन्यांच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामाच्या निधीतून, मागायचं तर सीएसआर-१ ची नोंद.

एक गोष्ट ठळक अक्षरांत भिंतीवर लावा: यजमानांनी प्रेमाने पाठवलेले युरो संस्थेच्या साध्या खात्यात घ्यायचे नाहीत. परदेशी देणगीला एफसीआरए नोंदणी लागते, ती संस्थेला तीन वर्षं झाल्याशिवाय मिळत नाही, आणि पैसे फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात येतात. नोंदणी नसेल तर यजमानांनी तिकडचा खर्च तिकडेच करावा, आणि ते कागदावर कसं दाखवायचं हे तुमच्या सीएला विचारा.

गावातून वर्गणी काढताना गावाला आधी नाटक दाखवा. बाजार समितीचे व्यापारी, जिनिंगवाले, केळीचे आडते प्रयोग बघून पाकीट काढतात. पत्रक बघून नाही. आणि प्रत्येक पालकाकडून काही ना काही घ्या, ज्याला जमतं तेवढं, पण घ्या. फुकट असलं की तालीम बुडते.

तिथे पोहोचल्यावर

पहिला दिवस काही ठरवू नका. मुलांना झोप आणि वरण-भात हवा असतो. फोन रात्री ठरलेल्या अर्ध्या तासातच; नाहीतर मूल अंगाने तिथे आणि मनाने घरच्या ग्रुपवर राहतं. आपल्या मुलांना एकाच टेबलावर जेवू देऊ नका, हा नियम विमानात बसायच्या आधी सांगा.

कार्यशाळेत आपली मुलं शिक्षकाने सांगेपर्यंत थांबतात. तिकडच्या मुलांना ते विचित्र वाटतं, आपल्यांना तिकडची मुलं आगाऊ वाटतात. एक-दोन दिवस हे असंच चालणार. तुम्ही कोपऱ्यात बसा आणि मुलाने तुमच्याकडे बघितलं की छताकडे बघा. तिसऱ्या दिवशी मुलं बघणं सोडतात.

ते आपल्याकडे येतात तेव्हा

देवाणघेवाण म्हटली की उलट फेरीही आलीच, आणि ती आमंत्रणाच्या पहिल्या पत्रातच बोलून टाका. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ द्या. एप्रिल-मेमध्ये पाहुण्यांना जळगावात उतरवणं म्हणजे त्यांना आजारी पाडणं. हिवाळ्यात भरताची वांगी असतात, शेतात बसून कळण्याची भाकरी खाता येते. तिखट वेगळं ठेवा आणि शेवभाजी दुसऱ्या आठवड्यापर्यंत लांबवा.

टुरिस्ट व्हिसावर आलेल्यांना तसंच स्टेजवर उभं करू नका. कोणता व्हिसा हवा ते त्यांनी तिथल्या भारतीय दूतावासाला लेखी विचारावं. पाहुणे ज्या घरी उतरतील त्या घराने २४ तासांत परदेशी नागरिक आल्याची ऑनलाइन नोंद करायची असते, इतकी वर्षं तिला फॉर्म सी म्हणत आलेत. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे असतं. पाहुणे यायच्या आधीच तिथे जाऊन ओळख करून घ्या, कोणत्या घरी कोण ती यादी द्या. पोलीस मग मदतच करतात. यजमान घरं निवडताना बंगला बघू नका. स्वच्छ संडास, एक वेगळी खोली आणि घरात त्याच वयाचं मूल, एवढं पुरे.

मोठं नाट्यगृह घ्यायची घाई नको. जळगावचं छत्रपती संभाजीराजे नाट्यगृह चांगलं आहे, पण तीस मुलांचं चार दिवसांत उभं राहिलेलं काम तिथे हरवून जातं. शाळेचा हॉल, नाहीतर गावातला सभामंडप घ्या, प्रेक्षक तिन्ही बाजूंना बसवा. एक दिवस सुट्टीचा ठेवा: जळगावात गांधीतीर्थ आहे, आणि अजिंठा तासा-दीड तासावर. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात, ते वेळापत्रकात आधी लिहा. आणि जनरेटर दोन दिवस आधी सांगून ठेवा, लग्नसराईत तो आयत्या वेळी मिळत नाही.